टोपीतल्या गोळ्या

यजमानांच्या खुब्याचं ऑपरेशन होतं, तेव्हा देवापुढे निरांजन लावून मी एक व्रत घेतलं होतं. उपासाचं नव्हे, विचारण्याचं. औषधाची शंका आली तर मनात धरून बसायचं नाही, डॉक्टरांनाच विचारायचं. ज्यांनी हे व्रत घेतलं नव्हतं, अशा एका नानांची ही गोष्ट.

निवृत्तीनाना गावात दूध संकलन केंद्र चालवत. स्वभावाने भारी संशयी. किटली आली की गवळ्याला समोर उभं करायचे, दुधात लॅक्टोमीटर सोडायचे आणि दूध पातळ निघालं तर सगळ्यांदेखत परत पाठवायचे.

नानांचा गुडघा झिजला. शहरात ऑपरेशन होऊन नवा सांधा बसला. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "ही रक्त पातळ ठेवायची गोळी. चुकवायची नाही. आणि थोडं थोडं चालायचं."

नानांच्या मनात पाल चुकचुकली. जखम ओली, आणि हा रक्त पातळ करा म्हणतो? पाणी घालायचाच धंदा दिसतोय!

गोळी द्यायची त्यांची सून, शेवंता. तिच्यावरही नानांचा डोळा. 'मी उठलोच नाही, तर केंद्राच्या किल्ल्या हिच्याच कमरेला!' नाना गोळी जिभेखाली धरत, वरून पाणी पीत, आणि शेवंता वळली की गोळी टोपीच्या घडीत. टाके तुटतील म्हणून चालणंही बंद.

एका सकाळी पोटरी सुजून तट्ट झाली.

"सांधाच खोटा बसवलाय त्यानं!" नाना ओरडले.

शेवंतानं हात लावला. पोटरी तापली होती. "नाना, गोळ्या घेताय ना?"

"तू काय पोलिसात लागलीस?"

तिनं तडक जीप बोलावली. चढताना टोपी पडली आणि गोळ्या अंगणभर झाल्या. शेवंतानं त्या वेचून पदरात बांधल्या आणि जीप हाकायला सांगितली.

डॉक्टरांनी तपासलं. "पायात रक्ताची गुठळी झालीय. सुटून छातीत गेली असती, तर जिवावर बेतलं असतं."

"पण रक्तात पाणी..."

"पाणी कुठलं, नाना? ऑपरेशननंतर पाय पडून राहतो, रक्त थबकतं, गोठतं. गोळी ते गोठू देत नाही, एवढंच. मला विचारलं का नाहीत?"

तेव्हा शेवंता म्हणाली, "दुधाची शंका आली की गवळ्याला समोर उभं करता, नाना. गोळीची आली, ती टोपीत ठेवलीत?"

नानांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "डॉक्टर, जरा समोर या. या गोळीनं हिरड्यांतून रक्त आलं तर?"

"लगेच मला कळवायचं. आपल्या मनानं गोळी बंद करायची नाही."

नानांनी आणखी बरंच विचारलं. मग दिलेलं औषध घेतलं आणि शेवंतापुढे आ केला. "बघ, जिभेखालीही बघ. आणि किल्ल्या उशाखाली आहेत. उद्याचं दूध तू तपास."

तात्पर्य: शंका येणं पाप नाही, ती लपवून औषध टाळणं घातक. तुमच्या घरी कुणाचं हाडाचं ऑपरेशन झालं, तर माझं एवढं ऐका, हे विचारण्याचं व्रत तुम्हीही घ्या.