धोटेबोलीची नोंद

दसऱ्यापासून लुमाजी साळ्याचा माग बंद होणार होता. माग मोडला नव्हता, सूत संपलं नव्हतं, लुमाजीचे हातही शाबूत होते. पण राज्यातल्या प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवणाऱ्या महाकोशात त्याची धोटेबोली नव्हती आणि कनकापूरच्या उदयभान राजाने दवंडी पिटवली होती, "जे महाकोशात नाही, ते राज्यात नाही!"

धोटेबोली ही माणसांनी एकमेकांशी बोलायची भाषा नव्हेच, ती मागाला सांगायची भाषा. लाकडी पट्टीवर खुणा कोरायच्या: इतके धागे उचल, इतके सोड, आडव्या धाग्याचा धोटा फेक, इथून मागे जा, सात वेळा कर. ज्याने जन्मात मोर पाहिला नाही त्याने नुसती पट्टी वाचत विणलं, तरी पदरावर मोर उभा राहायचा. ती जाणणारी घरं मात्र सगळ्या राज्यात सातच.

लुमाजीची मुलगी येसू तडक दरबारात गेली. "महाराज, आमची बोली महाकोशात घ्या."

महाकोशाचे प्रमुख त्र्यंबकशास्त्री कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "तिच्याविषयी कुणी चार ओळी तरी लिहिल्यात का? उद्या कुणीही उठेल आणि म्हणेल, माझ्या आजीच्या घोरण्याची नोंद घ्या."

"पण महाराजांच्या पोपटाची नोंद आहे," येसू म्हणाली. "चांगली सव्वीस ओळींची."

"त्या पोपटावर तीन पंडितांनी लेख लिहिलेत!"

पोपट राजाचा लाडका आणि राजा हट्टी. तो म्हणाला, "मग पोरी, तूही तीन लेख आण. लिहिणारे विद्वान हवेत, तुझ्या नात्यागोत्यातले नकोत आणि तुझ्या घरचं मीठ खाल्लेलेही नकोत. दसऱ्याच्या आत आणलेस तर नोंद होईल. नाहीतर सातही घरांनी माग उतरवायचे आणि दोर वळायला बसायचं."

शास्त्रीबुवा मिशीत हसले. त्यांना पंडितांची जात ठाऊक होती.

येसूने अकरा पंडितांचे उंबरे झिजवले. अकराही जणांनी एकच विचारलं, "महाकोशात आहे का ती बोली? नाही? मग मी कसं लिहू बाई, लोक हसतील मला."

घरी आल्यावर तिने बापाला सांगितलं. लुमाजी म्हणाला, "म्हणजे लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली गत." मग येसूच्या आजीने कोरलेली मोराची पट्टी बोटांनी चाचपत तो हळूच म्हणाला, "ही आता कोण वाचणार गं?" येसूला रडू आलं आणि रडण्याहून राग जास्त आला. रागातच ती दुसऱ्या दिवशी महाकोशाच्या कचेरीत गेली आणि रीतसर अर्ज देऊन आली.

कचेरीचा एक कडक रिवाज होता. अर्ज तोंडी फेटाळायचा नाही. वस्तू तपासायची, ती काय आहे, कशी चालते आणि का नाकारली हे सगळं लिहायचं, खाली नाव घालायचं आणि शिक्का मारायचा. तोच अर्ज पुन्हा आला तर कचेरीतल्या दुसऱ्या विद्वान अधिकाऱ्याने तपासायचा. पहिला अर्ज विसाजीपंतांनी चार पानं लिहून फेटाळला. ती पानं येसू कचेरीच्या पायरीवर बसून वाचू लागली आणि वाचता वाचता खुदकन हसली. लगेच उठून तिने दुसरा अर्ज दिला.

या वेळी नारोपंत बसले होते. येसू साळसूदपणे म्हणाली, "विसाजीपंतांनी चार पानं लिहिली हो. एवढं बारीक तपासणं काही सगळ्यांना जमत नाही म्हणा."

नारोपंतांनी नऊ पानं लिहिली!

तिसरा अर्ज खुद्द त्र्यंबकशास्त्र्यांपुढे आला. खालच्या माणसांपेक्षा आपण कमी लिहायचं म्हणजे काय! त्यांनी लुमाजीचा माग कचेरीत आणवला, तीन दिवस स्वतः पट्टी वाचत विणलं, घाम गाळला आणि सतरा पानं भरून दोष काढले. 'मागे जा' या खुणेपुढे आकडा घालायचा राहिला, तर विणकर मरेपर्यंत एकच पाकळी विणत बसेल, हा त्यांतला सगळ्यात मोठा दोष.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी येसू दरबारात उभी राहिली आणि तिने राजापुढे कागदांची तीन बाडं ठेवली. "महाराज, हे तीन लेख. चार पानांचा, नऊ पानांचा आणि सतरा पानांचा."

शास्त्रीबुवा ताडकन उठले. "महाराज, ही तर नकारपत्रं! आम्ही या बोलीच्या विरोधात लिहिलंय."

"महाराजांनी लेख मागितले होते, स्तुती नव्हती मागितली," येसू म्हणाली. "कुणी स्तुती केली असती, तर तुम्हीच म्हणाला असता, हा हिचा मामा दिसतोय. तुम्ही तिघे माझे कोण लागता?"

"कोणीही नाही!"

"आमच्या घरचं मीठ खाल्लंत?"

"पाणीसुद्धा प्यायलो नाही!"

"आणि यात लिहिलंय ते खरं की खोटं?"

शास्त्रीबुवांनी सतराव्या पानाखाली पाहिलं. खोटं म्हणावं तर शिक्का त्यांचाच. "खरं," ते पुटपुटले.

राजा सतरा पानं चाळत होता. चाळता चाळता बोटांनी हवेत धागे उचलू लागला. "शास्त्रीबुवा, हे वाचून मलासुद्धा पाकळी विणता येईल की! पण पोरी, आता दसऱ्याच्या आत नोंद लिहायची कुणी?"

"लिहायची कशाला, महाराज? शास्त्रीबुवांचीच घ्या. शेवटची 'अर्ज नामंजूर' एवढी ओळ खोडली की झालं."

राजा पोट धरधरून हसला. शेवटी शास्त्रीबुवांनाही हसू आवरेना. राजाने तिथल्या तिथे ती ओळ खोडली, सातही घरांचे माग कायम केले आणि येसूला जरीचं लुगडं दिलं. "आणखी काय हवं ते माग."

येसूने शास्त्रीबुवांकडे पाहिलं. "फार काही नको, महाराज. शास्त्रीबुवांनी सतरा पानं कितीही छाटली, तरी नोंद तेवढी पोपटापेक्षा एक ओळ मोठी ठेवा."