चुलीची समजूत

घरांची आढी धुराने काळी असायची, त्या दिवसांतली गोष्ट. तान्हूबाईच्या घरात मातीची चूल होती. तान्हूबाई रोज पहाटे तिला सारवायची, फुंकणीने फुंकून पेटवायची आणि तिच्यासमोर बसून डोळे पुसायची.

"किती जीव आहे हिचा माझ्यावर," चूल म्हणायची.

पुढे सुनेने ओट्यावर गॅसची शेगडी आणली. भाकऱ्या झाल्या, तरी सुनेचे डोळे कोरडेच.

"बघ, शेगडीसाठी कुणी रडत नाही," चूल फुंकणीला म्हणाली.

"अगं, तान्हूबाई तुझ्यासाठी रडत नव्हती," फुंकणी म्हणाली. "तुझा धूर तिच्या डोळ्यांत जायचा. छातीतही जायचा. तिचा श्वास माझ्यातूनच यायचा ना, तो दरवर्षी कमी होत गेला."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुला ठाऊक आहे."

दुसऱ्या दिवशी तान्हूबाई खोकत खोकत चुलीपाशी आली. "अंघोळीचं पाणी मात्र चुलीवरचंच बरं," म्हणत तिने काटक्या सारल्या, काडी लावली. काटक्या धुमसायला लागल्या. तिने फुंकणी ओठांना लावली.

नको गं बाई, चूल मनात म्हणाली.

तान्हूबाईने फुंकर घातली. राख जागची हललीसुद्धा नाही.