सिपोरामावशीच्या अंगणातला मलिदा

ज्या बाईला मूल होत नाही तिला बाळाच्या मलिद्याला बोलवायचं नाही, असं कुणी ठरवलं? ज्याने कुणी ठरवलं, त्याने आधी तिला विचारायला हवं होतं!

छोट्या मिल्काला हे मुळीच पटत नव्हतं. समुद्रकाठच्या त्या चिमुकल्या गावात बेने इस्राएल ज्यूंची थोडीच घरं, आणि त्यांत सगळ्यांत गरीब मिल्काचं. बाबा नव्हते. आई दिवसभर लोकांचे नारळ सोलायची. मिल्काला भूक लागली की शेजारची सिपोरामावशी तिला मांडीवर घेऊन गरम भाकरी भरवायची.

आज केतुराकाकूंच्या तान्ह्या बाळासाठी मलिद्याचा विधी होता. पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने प्रार्थना! मिल्काच्या आईसकट साऱ्या बायका तिकडे जमल्या होत्या. सिपोरामावशीला मूल नव्हतं, म्हणून तिला कुणी बोलावलंच नव्हतं; ती दार लावून पेटी भरत होती. असं एकटं पडणं तिला नकोसं झालं होतं; उद्या ती गाव सोडून जाणार होती, कायमची.

मिल्का वाडीत जाऊन रडू लागली. तेवढ्यात पोफळीवरून सोनसळी पंखांची इवलीशी परी भिरभिरत उतरली.

"एक इच्छा माग," परी म्हणाली. "स्वतःसाठी मागितलीस तर लगेच पुरी करीन. दुसऱ्यासाठी मागितलीस तर अर्धं काम तुझं."

"मावशीला बाळ दे!"

परीचे पंख जरासे मिटले. "ते माझ्या हातात नाही गं, राणी."

"मग ती एकटी पडायला नको."

परीने छडी फिरवली. केतुराकाकूंच्या अंगणापासून मावशीच्या दारापर्यंत गुलाबी, निळ्या, मोतिया शिंपल्यांची वाट लखलखू लागली.

"वाट मी केली. बोलायचं तू."

मिल्का धावली. "मावशीला का नाही बोलावलं?"

"अगं, बाळ बघून तिच्या जिवाला लागेल, म्हणून," केतुराकाकू म्हणाल्या.

"तिला विचारलंत?"

"नखाएवढी पोर, आणि आम्हाला शिकवते!" येरुशाआजी कडाडल्या.

केतुराकाकूंनी मात्र आपल्या बाळाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "मीही मूल व्हावं म्हणून कित्येक वर्षं दवाखान्याच्या बाकावर एकटी बसलेय. आणि आज मीच तिला एकटं पाडलं." त्यांनी बाळाला कडेवर घेतलं. कुणी पोह्यांची परात उचलली, कुणी खवणी. लखलखत्या वाटेने सगळ्या निघाल्या.

मावशीने दार उघडलं. "कीव करायला आलात?"

"मलिदा कालवायला आलोय," केतुराकाकू म्हणाल्या. "चुकलं आमचं, सिपोरा. बाळ घेशील? नको वाटलं तर तसं सांग."

"आज नको."

"बरं. मग पोहे घे."

अंगणात परात ठेवली. मावशीने पोह्यांत हात घातला आणि तिचे डोळे भरून आले. कुणी 'रडू नको' म्हटलं नाही. केतुराकाकू तिला टेकून बसल्या. "डॉक्टरांकडे जायचं असेल तेव्हा सांग. मी येईन. जायचं नसेल तरी येईन."

प्रार्थना झाली. मावशीने पेटी उघडली आणि साड्या पुन्हा दांडीवर टाकल्या. पहिला प्रसाद तिने मिल्काच्या ओंजळीत दिला. केतुराकाकूंनी मिल्काच्या आईचा हात धरला. "आता दर शुक्रवारी शब्बाथचं जेवण तुम्हा दोघींनी आमच्याकडेच करायचं."

पोफळीवर लख्खकन सोनेरी उजेड फाकला, आणि त्यात परी विरून गेली.

प्रसाद चघळत येरुशाआजी म्हणाल्या, "दवाखान्यात मीही येणार हो! त्या बाकावर तिघी मावतात."