कारभाऱ्यांनी ऐकलेली कहाणी

लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात मी वसा घेतला होता. शुक्रवारी देवळात कुणाला तरी आपल्या बोलीत कहाणी सांगायची, मगच जेवायचं. आमचं गाव तीन देशांच्या शिवेवर. नदीपल्याडच्या दोन्ही देशांत आमची बोली घरोघर, अल्याड मात्र आमची सातच घरं.

एका शुक्रवारी कारभारी भुजंगराव देवळात आले नि गरजले, "ही बोली इथं कळते कुणाला? आजपासून देवळात बंद!"

मी हात जोडले. "दादासाहेब, सकाळपासून उपाशी आहे. आजची कहाणी तुम्हीच ऐका."

"मला त्यातलं अक्षर कळत नाही, बाई."

"नाही कळलं तरी चालेल. नुसते बसा."

ते मिशीवर हात फिरवत बसले. मी सांगू लागले. सासूनं सुनेला घराबाहेर काढलं. कडेवर तान्हं मूल, समोर नदीला पूर. सुनेनं देवीचं नाव घेतलं, पाण्यात पाऊल टाकलं, आणि...

इथं मी थांबले, समईची वात सारखी करू लागले.

"अहो, मग? मूल वाचलं का?" भुजंगराव बोलून गेले.

सगळं देऊळ हसलं. मी हळूच म्हटलं, "वाचलं हो! आता तुम्हीच सांगा दादासाहेब, ही बोली इथं कळते कुणाला?"

ते खाली बघत म्हणाले, "आई पल्याडची होती माझी. पुढं सांगा."

बंदीचं नाव पुन्हा निघालं नाही. बायांनो, तुम्हीही आपल्या बोलीत एक कहाणी कुणाला तरी सांगा, मगच पानावर बसा.