डोळा न उघडलेला भोपळा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. इतक्या पूर्वीची, की तेव्हा राज्य करणाऱ्या राजाचं नाव त्याच्या पणतवंडांनाही सांगता आलं नसतं. एका भोपळ्याची आठवण मात्र लोकांनी जपून ठेवली. लहानांनी कान देऊन ऐकावी आणि मोठ्यांनी ऐकता ऐकता जरा खाली बघावं, अशी ती आठवण आहे.

एका टेकडीच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावाच्या कडेला दोन घरं शेजारी शेजारी होती आणि मध्ये कमरेएवढं काटक्यांचं कुंपण होतं. अलीकडच्या घरात माळीण राहायची, पलीकडच्या घरात कुंभारीण. माळणीच्या परसात वेल, आळी आणि पालेभाज्यांचे वाफे. कुंभारणीच्या अंगणात चाक, माती आणि मडकी भाजायची भट्टी.

कुंपण होतं ते कोंबड्यांसाठी. या दोघींना त्याचा काही उपयोग नव्हता. सकाळी विरजण इकडून तिकडे जायचं, संध्याकाळी विस्तव तिकडून इकडे यायचा, आणि दिवसभरात मिठापासून मनस्तापापर्यंत सगळ्याची देवाणघेवाण व्हायची.

त्या गावात एक रीत होती. पाऊस संपून शरद ऋतू लागला, पहाटे गवतावर दव दिसू लागलं, की घरोघरी लाल भोपळा निखाऱ्यात भाजायचा. त्याचा गर गरम असतानाच कोवळ्या पाल्यावर घालायचा. त्यात डाळिंबाचे दाणे, भाजलेले नवे तीळ आणि लिंबू पडायचं, वरून मोहरी-हिंगाची फोडणी. गर फार गरम असला तर पाला काळवंडतो, गार झाला तर पाला कच्चाच राहतो. बोटाला सोसेल इतकीच ऊब हवी. अशी कोमट कोशिंबीर खाल्ली, की पावसाळ्याने मंदावलेली भूक परत येते असं सगळे म्हणत.

पण भोपळा भाजण्याआधी एक गोष्ट करावी लागे. घरच्या माणसाने भोपळ्याला सुरी लावायची नाही. शेजारच्या माणसाने यायचं आणि देठाजवळ पहिला खोल छेद द्यायचा. याला ते लोक ‘डोळा उघडणं’ म्हणत. शेजाऱ्याने डोळा उघडल्याशिवाय भोपळा चिरायचा नाही, ही रीत. ती का, ते कुणालाच माहीत नव्हतं. वाडवडील करत आले म्हणून सगळे करत होते.

त्या वर्षी श्रावणात काय झालं, की माळणीचा भोपळ्याचा वेल कुंपण ओलांडून कुंभारणीच्या अंगणात शिरला. तिथे ओली मडकी वाळत ठेवली होती. वेलाने मडक्यांच्या फळीला मिठी मारली, आणि एका दुपारी असा वारा सुटला, की वेल हलला, फळी कलली आणि सगळी मडकी खाली येऊन त्यांचा पुन्हा चिखल झाला. कुंभारीण संतापली. तिने तावातावाने वेलाचे सगळे कोंब मोडले, त्यावरच्या कोवळ्या फळांसकट.

“माझी मडकी गेली!” ती ओरडली.

“माझा वेल गेला!” माळीण ओरडली.

दोघींचंही खरं होतं. म्हणूनच भांडण मिटेना. त्या दिवसापासून बोलणं बंद झालं. विरजण बंद, विस्तव बंद. अंगणात एकमेकींची चाहूल लागली, की दोघी पाठ फिरवून उभ्या राहायच्या, मग पाठीवर ऊन लागो नाहीतर पाऊस.

गोष्टीत अशा वेळी एखादी चिमणी नाहीतर म्हातारं कासव येऊन शहाणपणाचं बोलतं. या गोष्टीत तसं कुणी आलं नाही. माणसांनीच बोलणं टाकल्यावर चिमणीने तरी किती बोलावं?

आता माळणीच्या घरात होता तिचा म्हातारा सासरा. नवरा राजाच्या बागेत कामाला, तो दिवाळीलाच घरी यायचा. तेव्हा म्हाताऱ्याचं सगळं तीच बघायची, आणि मनापासून बघायची. लग्न होऊन आली तेव्हा तिला वेल मांडवावर चढवणंसुद्धा येत नव्हतं. म्हाताऱ्यानेच तिला शेजारी बसवून सगळं शिकवलं होतं, एकदाही आवाज न चढवता.

पावसाळ्यात म्हाताऱ्याला ताप आला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. पेज पुढे केली की तो मान फिरवायचा. खीर केली तर चमचाभर घेऊन म्हणायचा, “माती खाल्ल्यासारखं लागतंय गं.” त्याच्या मनगटातलं कडं कोपरापर्यंत सरकू लागलं.

वैद्य येऊन गेले. जाताना त्यांनी माळणीला अंगणात बोलावलं.

“ताप माझ्या हातात होता, भूक नाही,” ते म्हणाले. “पोटात अन्न गेलं नाही, तर थंडीचे दिवस त्यांना झेपायचे नाहीत.”

माळणीने पदराने डोळे पुसले आणि हसऱ्या तोंडाने आत गेली.

असे दिवस जात होते. एका सकाळी म्हातारा ओसरीवरच्या बाजेवर उठून बसला आणि त्याने लांब श्वास घेतला.

“सूनबाई, दव पडलं वाटतं. शरद लागला.”

“लागला, मामंजी.”

“मग आपली कोशिंबीर करशील? कोमट असतानाच दे हो. घासभर खाईन म्हणतो.”

किती दिवसांनी त्याने तोंडाने काही मागितलं होतं! माळणीला इतका आनंद झाला, की हातातला तांब्या कुठे ठेवला तेच तिला आठवेना. ती धावत परसात गेली. मोडलेल्या वेलावर, अलीकडच्या बाजूला, एकच भोपळा उरला होता. चांगला पिकला होता, बोटाने वाजवला तर घुमत होता. तिने तो खुडून आणला.

आणि मग तिला रीत आठवली. डोळा उघडायला शेजारीण हवी होती.

कुंपणापलीकडे कुंभारीण भट्टीतून मडकी काढत होती. एक हाक मारली असती, की काम झालं असतं. माळणीने तोंड उघडलंही. पण श्रावणातली ती दुपार आठवली आणि तिने ते तसंच मिटलं.

‘तिने माझ्या वेलाला हात लावला,’ ती मनात म्हणाली, ‘आता पुन्हा माझ्या भोपळ्याला हात लावायला तिलाच बोलवू?’

गावात दुसरी माणसं होती. पण शेजार सोडून लांबचं माणूस बोलावलं असतं, तर सगळ्या गावाला भांडण कळलं असतं. खरं तर ते सगळ्या गावाला माहीत होतं. पण माळणीला वाटत होतं, की ते कुणालाच माहीत नाही.

विचार करता करता तिला एक युक्ती सुचली. शेजाऱ्याशिवाय भोपळा चिरायचा नाही, अशी रीत आहे. भाजायचा नाही, असं कुठे म्हटलंय? अख्खाच भाजू. भाजून मऊ झाला, की हातानेच मोडू. सुरी लावायचीच नाही, तर शेजारीण हवी कशाला? रीतही राहील आणि ताठाही राहील.

या युक्तीवर ती भलतीच खूश झाली. तिने अंगणात खळगा केला, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवल्या, लालभडक निखारे केले आणि भोपळा तसाच्या तसा त्यात पुरला. मग लाकडी काठवटीत चुक्याची आणि मेथीची कोवळी पानं खुडून ठेवली, तीळ भाजले, डाळिंब सोललं.

ओसरीवरून म्हाताऱ्याने विचारलं, “शेजारीण येऊन गेली का गं? तिच्या बांगड्या नाही ऐकू आल्या.”

“तुम्ही पडून राहा, मामंजी. होतंच आलंय.”

“डोळा उघडला ना पण?”

माळणीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि निखारे सारखे करू लागली.

भोपळ्याचा गोडसर वास सुटला. साल काळी पडली. थोड्या वेळाने निखाऱ्यांतून बारीक शीळ घातल्यासारखा आवाज येऊ लागला. ‘भाजतोय छान,’ माळीण म्हणाली आणि फोडणीसाठी तेल आणायला आत वळली. ती वळली हेच तिचं नशीब.

मागे धडाम् असा आवाज झाला, की कोंबड्या छपरावर गेल्या. निखारे अंगणभर उडाले, राखेचा लोट उठला, काठवट पालथी झाली. भोपळ्याचं एक खांड जमिनीवर आपटून मातीत मिसळलं. दुसरं खांड कुठे गेलं, ते तिला दिसलंही नाही.

धूर खाली बसला. माळणीने पाहिलं. पाला राखेने भरला होता, डाळिंबाचे दाणे पायाखाली होते, आणि वर्षाचा एकुलता एक भोपळा मातीत पडला होता. ती मटकन खाली बसली. मामंजींना आता काय देऊ? इतक्या दिवसांनी त्यांनी एक घास मागितला आणि तोही मी माझ्या ताठ्यापायी घालवला. तिला हुंदका आवरेना.

तेवढ्यात कुंपणावरून आवाज आला.

“लागलं का गं कुठे?”

श्रावणानंतर कुंभारणीच्या तोंडून आलेला हा पहिला शब्द. भांडणाचा नाही, भोपळ्याचा नाही. लागलं का, एवढंच. ते ऐकून माळणीला आणखीच रडू आलं.

“नाही, अक्का,” ती कशीबशी म्हणाली.

“मग उठ. तुझा अर्धा भोपळा माझ्या राखेच्या ढिगात येऊन पडलाय. सालीवर पडला, म्हणून गर स्वच्छ आहे. मधे थोडा कच्चा दिसतोय. राख अजून ऊन आहे. तशीच वर लोटते, होईल मऊ.”

माळीण कुंपणापाशी गेली. कुंभारणीच्या हातात विळा होता.

“हा कशाला?” माळणीने विचारलं.

कुंभारीण ओशाळली. “तुझ्याकडचा धूर पाहिला. डोळा न उघडताच भाजायला घातलास, हे कळलं. विळा घेऊन कुंपणापर्यंत आले आणि परत गेले. पुन्हा आले, पुन्हा गेले.”

“मग हाक का नाही मारलीत?”

“तू का नाही मारलीस?”

 माळणीने कुंपणाची एक कललेली काटकी सरळ केली.

“तुमची मडकी मोडली, तेव्हा मी बघायलासुद्धा आले नाही,” माळीण हळूच म्हणाली. “माझं चुकलं, अक्का.”

“आणि मी हिरव्या कोंबावर राग काढला. कोवळी फळं होती गं त्यावर. रात्री जेवण गेलं नाही मला.” कुंभारणीने नाक ओढलं आणि विळा उगारला. “बरं, आता डोळा उघडू का?”

“आता डोळा कसला उघडताय? त्याने अख्खं तोंडच उघडलंय!”

आणि दोघी अशा हसल्या, की छपरावरच्या कोंबड्या खाली आल्या.

पाला तर सगळा वाया गेला होता. माळीण पुन्हा वाफ्याकडे निघाली, तशी कुंभारणीने तिला थांबवलं. “लांब कशाला जातेस? तुझाच चुका कुंपणाखालून माझ्या अंगणात आलाय. बघ केवढा झालाय.”

माळणीने पाहिलं. चुका तरारला होता, आणि त्याच्या बुडाशी माती ओली होती.

“उपटला नाहीत?”

“वेलाचं एकदा झालं तेवढं पुरे. पाणी घालत होते. तुला दिसू नये म्हणून त्यापुढे रांजण आडवा लावला होता.”

राखेतून भोपळा निघाला तेव्हा लोण्यासारखा मऊ झाला होता. कुंभारणीने एक नवा कोरा परळ, मातीची पसरट थाळी, काढला. माळणीने चुक्याची पानं हाताने तोडून त्यात घातली, वर गर घातला, आणि पानं उबेने हळूहळू खाली बसली. तीळ पडले, डाळिंब कुंभारणीच्या घरचं पडलं, लिंबू पिळलं, फोडणी चुरचुरली. दोघींनी बोट लावून ऊब पाहिली आणि परळ म्हाताऱ्यापुढे ठेवला.

म्हाताऱ्याने एक घास घेतला. सावकाश चावला. 

त्याने कपाळाला आठी घातली. “मीठ कमी पडलंय.”

माळणीचे डोळे एकदम भरून आले. ज्याला खीर मातीसारखी लागत होती, त्याला आज मीठ कमी लागलं होतं! तिने धावत जाऊन मीठ आणलं. म्हाताऱ्याने परळ मांडीवर ओढला आणि दुसरा घास घेतला, मग तिसरा.

परळ पुसून झाल्यावर त्याने दोघींकडे पाहिलं. “इतकी वर्षं शेजाऱ्यांचे भोपळे उघडले मी, पण शेजारी कशाला बोलवायचा ते कळलं नव्हतं. आज तो आवाज ऐकला आणि कळलं. वाट मिळाली नाही, की वाफ साल फोडते. आणि डोळा उघडायला ज्याला बोलवायचं, त्याच्याशी वर्षातून एकदा तरी बोलावंच लागतं. वाडवडिलांनी एका छेदात दोन कामं उरकली होती बघा.”

त्या थंडीत म्हाताऱ्याच्या मनगटातलं कडं पुन्हा जागेवर आलं. भोपळ्याच्या बिया दोघींनी वाळवल्या आणि पुढच्या वर्षी बरोबर कुंपणाच्या बुडाशी लावल्या. वेल दोन्हीकडे पसरला. कुंभारणीने मडक्यांची फळी तेवढी चार पावलं मागे घेतली, कारण प्रेम असलं तरी वारा हा वारा असतो.

तेव्हापासून त्या गावात दोन शेजारी अबोला धरून बसले, की कुणीतरी भोपळा घेऊन मध्ये जाऊन बसतं आणि विचारतं, “याचा डोळा कोण उघडणार?”

तात्पर्य : राग आला तर बोलून मोकळं व्हावं, पण बोलणं बंद करू नये, कारण कोंडलेली वाफ सगळ्यात आधी आपल्याच ताटातला घास उडवते.