फिलूमायचं देवाशी भांडण

फार फार पूर्वी, खाडीला अजून नावसुद्धा पडलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. खाडीच्या काठी एक ख्रिस्ती गाव होतं. गावाच्या एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भाताची शेतं आणि मधे मातीचा लांबलचक बांध. बांध उभा तर गाव उभं. म्हणून प्रत्येक घराकडे बांधाचा एकेक तुकडा सांभाळायला दिलेला असे.

त्या गावात फिलूमाय नावाची विधवा राहायची. तिचा आवाज असा, की तिने अंगणातून हाक मारली तर पलीकडच्या गावातल्या म्हशी पान्हा चोरायच्या. ती रागावली की खाडीतले मासे गठुडी बांधून दुसऱ्या काठाला जात आणि कोळी हात जोडून विनवत, "माय, जाळी ओढून होईपर्यंत तरी गोड बोल गं!" खोटं वाटत असेल तर त्या माशांच्या नातवंडांना विचारा.

एका वर्षी उधाण आलं आणि बांध फुटला. खारं पाणी शेतांत शिरलं, पाहुण्यासारखं आठ दिवस बसलं आणि जाताना मीठ ठेवून गेलं. पुढच्या वर्षी पावसाने दगा दिला, मीठ काही धुतलं गेलं नाही. त्याच वर्षी तापाची साथ आली. फिलूमायची एकुलती एक लेक, लग्न ठरलेली, नऊ दिवसांत गेली.

गावाची एक रीत होती. पीक हाती आलं की सणाच्या रविवारी प्रत्येक घराने नव्या भाताच्या लोंब्या सुपात घालून चर्चमध्ये वेदीपुढे ठेवायच्या. आता पीकच नाही तर ठेवायचं काय? पण गावकरी पडले अब्रूदार. देवापुढे रिकाम्या हाताने कसं जायचं? त्यांनी खाडीपलीकडून लोंब्या उसन्या आणल्या, सुपं फुलांनी सजवली आणि हसऱ्या चेहऱ्याने गायला लागले, "देवा, तू किती दिलंस, किती दिलंस!"

फिलूमाय सगळ्यांत शेवटी आली. तिच्या सुपात तिच्याच शेतातली माती होती, मिठाने पांढरी पडलेली. तिने सूप वेदीपुढे आदळलं.

"हे पीक आलंय यंदा. घे! आणि माझी लेक का नेलीस ते सांग. मी इथून हलत नाही."

गाणं जागच्या जागी तुटलं. गावचा पाटील धावत पुढे आला.

"अगं फिलूमाय, देवापुढे असं बोलतात का?"

"मग कोणापुढे बोलू? तुमच्यापुढे? तुमच्याने बांधाचं भगदाड बुजत नाही, माझी लेक काय आणून देणार?"

"निदान सणाच्या दिवशी तरी..."

"पाटील, तुमच्या लोंब्या पलीकडच्या गावच्या आहेत. ज्याने भात निर्माण केला, त्याला भात कुठल्या शेतातला ते कळत नाही होय? त्याला काय खुळा समजलात?"

पाटील लाल झाला. म्हातारे पाद्रीबाबा मात्र खाली वाकले, त्यांनी मातीचं ते सूप उचललं आणि सगळ्या सजवलेल्या सुपांच्या मधोमध ठेवलं. "राहू दे," ते म्हणाले, "खरं आहे ते."

पुढच्या वर्षी पलीकडच्यांनी लोंब्या उसन्या द्यायचं बंद केलं. मग गावकऱ्यांनी चर्चला यायचं बंद केलं. भांडून नाही हो! भांडले असते तर बरं झालं असतं. कोणाचा पाय दुखला, कोणाची शेळी व्यायली, कोणाला उन्हाचा त्रास झाला. एकेक घर गुपचूप गळालं. आणि देव जर आपल्याकडे बघत नाही, तर बांधावर माती टाकून तरी काय उपयोग, म्हणून तेही थांबलं. भगदाड रुंदावत गेलं. पाद्रीबाबा घंटा वाजवायचे ती एका बाईसाठी.

फिलूमाय रोज सकाळी चिखलाची एक पाटी भगदाडात ओतायची. भरती आली की त्यातली अर्धी वाहून जायची. संध्याकाळी ती चर्चमध्ये यायची, क्रूसासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि सुरू व्हायची.

"आजही अर्धी पाटी नेलीस! लाज वाटत नाही? विधवेची पाटी! आणि वरून बघतोस काय असा? क्रूसावर तूही बापाला जाब विचारलास, मोठ्याने ओरडलास. मग मी ओरडले तर काय बिघडलं? तुझ्याकडूनच शिकले मी!"

चर्चची कौलं थरथरायची. पाद्रीबाबा कानात कापूस घालून जपमाळ ओढायचे.

एके दिवशी संध्याकाळी चर्चच्या पायरीवर एक गृहस्थ बसलेला दिसला. शुभ्र कपडे, मधासारखी वाणी, धोतर मात्र जरा जास्तच लांब, मागे काही असेल तर झाकलं जावं इतकं. ओळखलंत ना? गावातलं एकेक दार त्यानेच गोड बोलून बंद केलं होतं.

"बाई," तो म्हणाला, "किती घसा कोरडा करणार? बाकीचे शहाणे निघाले. तुम्हीही एकदाच म्हणा, 'वर कोणी नाही.' एवढंच. राग जाईल, शांत झोप लागेल. पलीकडच्या काठाला मीठ न लागलेली गोडी जमीन देतो, विहिरीसकट. पाद्री काय, एकट्याने किती दिवस घंटा वाजवणार? उद्या दाराला कुलूप लागेल आणि तुमचं हे रोजचं भांडण सुटेल."

फिलूमाय पायरीवर टेकली. तिचे गुडघे दुखत होते. लेक गेल्यापासून तिला धड झोप नव्हती. गोडी जमीन, विहीर, झोप. एकच वाक्य तर होतं. तिने तोंड उघडलं. वाक्य जिभेवर आलंसुद्धा.

आणि तिच्या मनात आलं, वर कोणी नसेल, तर लेकीचा जाब विचारायचा कोणाला? मग ती नुसतीच गेली. वाहून गेली, त्या अर्ध्या पाटीसारखी.

तिच्या अंगात असा संताप चढला, की पायरीवर मुंग्या होत्या त्या पळून गेल्या.

"अरे मेल्या!" ती उठली. "हे आमचं बापलेकीचं भांडण आहे. तू कोण रे मधे तोंड घालणारा? मी त्याला शंभर वेळा बोलेन, तो माझा बाप आहे म्हणून बोलेन! तू त्याच्याबद्दल एक वावगा शब्द काढलास ना, तर जीभ हासडून वडाला टांगीन!"

दुसऱ्या सकाळसाठी भरून आणलेली चिखलाची पाटी तिथेच होती. ती तिने गृहस्थाच्या डोक्यावर पालथी घातली. तो पळाला. धोतराचा सोगा सुटला आणि जे झाकलेलं होतं ते अख्ख्या गावाने पाहिलं. पुढे फिलूमाय, मागे कुत्री, सगळ्यांच्या पुढे तो. खाडी त्याने तीन उड्यांत पार केली.

दारादारांत माणसं उभी राहिली. फिलूमाय वळली.

"बघता काय? त्याच्याशी गोड बोलता आणि देवाशी बोलायला पाय दुखतो? देवाला उसन्या लोंब्या दाखवल्यात, खरं दुखणं नाही दाखवलंत. या! रिकामी सुपं घेऊन या! पोटात असेल नसेल ते सगळं बोला त्याला. तो ऐकायला बसलाय, सहन करायलाही बसलाय!"

पहिल्यांदा एक कोळीण आली. मग दोन भाऊ आले. शेवटी पाटील आला, रिकामं सूप छातीशी धरून, आणि वेदीपुढे ढसाढसा रडला. "देवा, माझ्या घरात दाणा नाही," तो म्हणाला. एवढं खरं तो तीन वर्षांत पहिल्यांदाच बोलला होता. मग चर्चमध्ये असा कल्लोळ उठला, की पाद्रीबाबांनी कानातला कापूस काढून फेकून दिला आणि तेही त्यात सामील झाले.

ओरडून ओरडून घसे बसले. मन हलकं झालेल्या माणसाला हात मोकळे ठेवता येत नाहीत. दुसऱ्या सकाळी भगदाडापाशी एका पाटीऐवजी दीडशे पाट्या होत्या. उधाणाला सात दिवस होते. सातव्या दिवशी, भर दुपारी, पाणी बांधाच्या माथ्यापर्यंत आलं. सगळं गाव बांधावर उभं होतं, कोणी प्रार्थना करत होतं, कोणी अजून भांडत होतं. पाणी तिथेच अडलं आणि मुकाट्याने मागे गेलं.

मीठ धुवून निघायला दोन पावसाळे लागले. मग भात आला, थोडा, पण आपला. फिलूमायची लेक काही परत आली नाही. फिलूमाय मरेपर्यंत रोज संध्याकाळी चर्चला जात राहिली. आवाज हळूहळू खाली आला. फार जुनं झालेलं भांडण शेवटी गप्पांसारखं होतं. आणि तो गृहस्थ? तो बाकी सगळीकडे फिरतो, पण त्या काठाला पाऊल ठेवत नाही.

तात्पर्य: देवाशी भांडत त्याच्या दाराशी उभा राहतो त्याचा विश्वास जिवंत असतो, मरतो तो खोटं हसून गुपचूप निघून जाणाऱ्याचा.