पाठीमागचा पट्टा

यंत्रं आपापसांत बोलायची पण माणसांना ते ऐकू जायचं नाही, त्या काळची ही गोष्ट. गुलाबरावाच्या जीपमध्ये एक लहानशी घंटी राहायची. पट्टा न लावता कुणी गाडी चालवायला बसलं, की ती जीव तोडून वाजायची.

"कटकट मेली!" म्हणत गुलाबरावाने एक दिवस पट्टा रिकाम्या सीटवरच खटक्यात अडकवला आणि त्याच्यावर पाठ टेकून बसला. घंटी गप्प झाली.

"लावला गं बाई एकदाचा," ती सुखावून म्हणाली.

"कसला लावलाय!" पट्टा कळवळला. "मी त्याच्या पाठीमागे चेंगरलोय. पुढे छाती मोकळीच आहे. वाज ना गं!"

घंटीचा जीव खालीवर झाला. पण खटका बंद असला की तिचा गळाही बंद व्हायचा. "खटकेदादा, पाया पडते, जरा सुटा ना," ती विनवू लागली.

"मला धरायला सांगितलंय, मी धरलंय," खटका म्हणाला. "कुणाला धरलंय, ते बघणं माझं काम नाही."

तेवढ्यात गुलाबरावाची बायको शेवंता लेकराला कडेवर घेऊन दारात आली. "अहो, पट्टा लावलाय ना? घाटातून जायचंय."

"लावलाय की! घंटी वाजतेय का?"

शेवंताने कान देऊन ऐकलं. घंटी वाजत नव्हती. ती निर्धास्त होऊन घरात गेली.

घाटातल्या वळणावर समोरून ट्रक आला. गुलाबराव काच फोडून बाहेर फेकला गेला. सीट रिकामी झाली, तरी पट्टा खटक्यात नीट लागलेला होता, म्हणून घंटीला रडताही आलं नाही.